रिकाम्या घडांवरची अळंबी

...पण मी म्हणतो, एवढी उलथापालथ कुणाचं नडलंय म्हणून करायची? तुम्हाला सांगतो, तेलाच्या गिरणीतनं पामचे घड फळं काढून रिकामे बाहेर पडायचे ना, त्यांचे पूर्वी नुसते ढीग लावायचे. पडायचे बिचारे, कुजायचे, अन् दोन हप्त्यांत त्यांच्यावर ही अशी अळंबी! आमची बायको रुमियाती टोपलं घेऊन पहाटेच हजर. नारळाच्या दुधात मिरच्या ठेचून असं कालवण करायची, की मी भाताला विचारायचोच नाही. आता म्हणे कचरा वाया घालवायचा नाही, खत करायचं. गिरणीचं घाण पाणी शिंपडा, तिसऱ्या दिवशी यंत्रानं उलटा, परत तिसऱ्या दिवशी उलटा... अळंबीला धरायला सवड मिळतीय का? खत झालं हो, काळंभोर झालं, पण अळंबी कुठंय?

तुम्ही म्हणाल, म्हातारा जिभेचे चोचले पुरवतोय. तसं नाही. रुमियाती सहा महिने झाले मेदान शहरात लेकीकडं गेलीय, नातू झाला म्हणून. जाताना बसच्या पायरीवरनं म्हणाली, "अळंबी उगवली की कळवा, येते मी." चेष्टेत म्हणाली असंल. मी मात्र तेवढंच धरून बसलो. घरात दोन ताटल्या मांडतो अन् एक परत ठेवतो... खत झालं, पण अळंबी कुठंय?

मग काय, सांगून टाकलं मांगासा नावाच्या मुकादमाला, कडेच्या ढिगात नाग अंडी राखत बसलाय. गडी मिशाळ, आवाज ढगासारखा, पण दहा पावलं लांब उभा राहून विचारतोय, "गिमनकाका, तुम्ही सोता बघितला?"

म्हटलं, "बघितला? त्यानं तुझी चौकशी केली."

यंत्र त्या ढिगाला वळसा घालून जायला लागलं. मी रोज नागाला दूध म्हणून वाटी न्यायचो, आडोशाला बसून प्यायचो. अन् अठराव्या दिवशी... काय सांगू, सगळा ढीग पांढरा! फोन लावला.

"खरंच उगवली?" रुमियाती म्हणाली. पाठीमागं नातू रडत होता. "अहो, मग असं करा... नीट वाळवा, अन् बसवाल्याजवळ द्या. ह्याला सोडून कशी येऊ मी?"

खरंय की. कशी येईल?

वाळवली, बांधली, स्टँडवर नेली. ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं खिडकीची जागा दिली अळंबीला. बस हलली, तसा मी हात हलवला... आता बोचक्याला हात हलवणारा म्हातारा बघून लोक हसणारच की हो.