शेजारच्या खाटेवरची सत्यवती

माझं माहेर धारगळ, हमरस्त्याला लागून, आणि लग्न होऊन आले ती शिरगावात. माहेरी शेतातला चिखल तुडवला, सासरी खाणीवरची तांबडी माती डोक्यावरून वाहिली. घोव, माझा नवरा, गेला तरी वाहिली, मुलगे त्यावरच मोठे झाले, आणि गुडघे त्यातच गेले. गोवा राज्य झालं तेव्हा माझा थोरला प्रकाश डिचोलीला ट्रकावर क्लीनर लागला, पुढे ड्रायव्हर झाला, तोवर मी देवळाच्या पायऱ्या बसून, हातांनी रेटत चढू लागलेली. तो म्हणाला, आई, उजवा तरी बदलून घेऊया.

पणजीला ऑपरेशन झालं. काय सांगू तुम्हाला, इतकं बरं वाटलं, त्या चवथीला नेवऱ्या तळायला मी आपल्या पायांवर उभी राहिले, सून म्हणते कदेल देते, खुर्चीवर बसा, मी म्हटलं, व्हर ती कदेल तिकडे.

मग टाचेला भेग पडली, चिघळली, आणि मागोमाग गुडघा दुखू लागला. चालताना दुखणं मला ठाऊक होतं हो, हे बसल्याजागी दुखे, निजल्यावर दुखे. डाव्याला हात लावावा तर गार, उजवा चुलीकडच्या तांब्यासारखा ऊन. अंगात कसर. गावच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, गोळ्या होत्या तोवर बरं, संपल्या की परत तेच. शेजारीण म्हणाली, वात आसा तो, पालो बांद. पण सुनेला जुन्या टाक्यांवर ओल दिसली नि ती हटून बसली, पालाबिला काही नाही, ज्यांनी कापलंय त्यांनाच दाखवायचं.

त्यांनी सुई घालून आतलं पाणी काढलं, गढूळ. म्हणाले, मावशी, टाचेच्या भेगेतून शिरलेले जंतू आतल्या धातूला चिकटून बसलेत, नुसत्या गोळ्यांनी निघायचे नाहीत. गुडघा काढूया, औषध कालवलेलं सिमेंट भरूया, शिरेतून औषध देऊया, सगळं साफ झालं की नवा बसवूया. मी म्हटलं, घर अजून मातीचं आणि पायात सिमेंट! मीच हसले, आणि हसता हसताच रडायला लागले.

शेजारच्या खाटेवर सत्यवती होती, पेडण्याची, देवळाकडे अबोलीचे वळेसर, गजरे विकायची. तिचंही तेच दुखणं. पण तिच्या टाक्यांतून पू येई तो ती फडक्याने पुसून टाकी आणि घरात कोणाला बोललीच नाही, मुलाचं लग्न तोंडावर, एकदा कार्य होऊंदे, मग सांगेन. कार्य झालं, तोवर विष रक्तात गेलेलं.

दुपारी जेवणं झाली की वॉर्ड गप्प होई. तेव्हा ती म्हणे, बाय, हात लावन पळय गे, अजून ऊन लागता? मला कसलं उठता येतंय, पाय जखडलेला. दोन खाटांमधून माझा हात पुरे तो तिच्या बोटांपर्यंत. बोटंच चटका देत.

एका दुपारी तिला ढकलगाडीवरून नेली ती परत आलीच नाही. तिची फणी आणि लुगडं न्यायला नवी सून आली. हातभर हिरवा चुडा, लुगड्याची घडी घालताना वाजत होता. पोर खाली मान घालून घडी मोडी आणि परत घाली.

मला पुढे नवा गुडघा बसवला. चालते, बाजार करते. डॉक्टर म्हणतात, जंतू गेले. असतील गेले. पण दुपारी जनेलाशी, खिडकीत बसले की तो चुडा वाजतो हो, आणि मग ती म्हणते, हात लावन पळय गे. मी सुनेला विचारते, कोण बोलतंय? ती म्हणते, कोणी नाही आई. आता मी विचारायचंही सोडलंय. येते ती, येऊंदे, तिला दुसरं कोण आहे ऐकायला.

तुमच्या आईचं ऑपरेशन ठरलंय म्हणालात ना? देवी तिला चालती-फिरती ठेवो. घरात लग्न असो, बारसं असो, तिचं दुखतं का ते तुम्हीच विचारत जा. आम्ही बायका आपणहून सांगत नाही.