भरल्या कपाचा रॅम्प

...आणि तुम्हाला सांगतो, ‘रॅम्प’ हा शब्द त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी काढला की आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी, हे मला आता नक्की आठवत नाही. आठवतंय असं वाटलं तरी मी माझ्या आठवणीवर विसंबत नाही, कारण गॅस बंद केलाय हे लख्ख आठवत असतानाही मी फाटकापासून परत येऊन बघतो... खात्री करायला नको का?

तर झालं काय, आमच्या हिचा पाय मोडला. प्लास्टर, चाकांची खुर्ची, सगळं आलं. आम्ही राहतो तळमजल्यावर, पण बिल्डिंगच्या पुढच्या दाराशी पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या पलीकडे, आवाराच्या कोपऱ्यात, तो बाक! त्या बाकावर रोज संध्याकाळी हिच्या मैत्रिणी जमतात आणि हसतात. कशाला हसतात, देव जाणे. जन्मभर भाषाशास्त्र शिकवलं मी, पण त्या हसण्याचा अर्थ मला लागलेला नाही. हिचा मात्र त्या बाकावर जीव. ती बिचारी खिडकीशी खुर्ची लावून बसायची, आणि मला ते बघवेना, म्हणून मी शब्द देऊन बसलो, की प्लास्टर निघायच्या आत तुला खुर्चीसकट बाकावर नेईन. शब्द दिला मात्र, लगेच जाऊन पायऱ्या मोजून आलो, दोनदा. मला कुणी सांगितलं होतं?

दुसऱ्या मजल्यावर चेअरमनसाहेबांकडे मीटिंग भरली. मीटिंग म्हणजे ते आणि मी. कुणीतरी, मी किंवा ते, म्हणालं की रॅम्प बांधू. त्यावर ते भुवया चढवून म्हणतात, “सर, रॅम्प म्हणजे त्या उंच पोरी कमरेवर हात ठेवून चालतात, तो?” हसू नका. चुकले नव्हते ते, तोही रॅम्पच. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. आपण बांधणार आहोत ते नक्की काय? घरी येऊन कोश उघडले तर एकातून दुसरं! विमानाला लावतात तो चाकांचा जिना, तोही रॅम्प. ढालीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह असतो ना, तो याच शब्दाच्या घराण्यातला. आणि मुळाशी कोण, तर एक जुनं फ्रेंच क्रियापद, अर्थ काय, तर सरपटणं, वर चढणं... म्हणजे ज्याच्यावरून हिला खाली उतरवायचं, त्याच्या मुळाशी चढणं! आता असलं काही दाराशी बांधून घेण्याआधी खात्री करायला नको का?

दुसऱ्या दिवशी प्रश्न, मराठीत काय म्हणायचं? चेअरमन म्हणे उतार, मी म्हणे चढ. ते म्हणे वहिनींना उतरायचं आहे, मी म्हणे उतरलेलं माणूस परत येतं की नाही? चहाचा ट्रे ठेवता ठेवता चेअरमनीणबाई म्हणाल्या, “दारातून उतार, बाकावरून चढ. घ्या चहा, मी आलेच.” आणि ज्या गेल्या, त्या दिवेलागणीपर्यंत पत्ता नाही. रोज तसंच. चहा ठेवायच्या की पसार. मला वाटायचं, बाई आमच्या चर्चेला विटल्या.

पण आम्ही कुठले विटतोय! निवृत्तीनंतर मी शेजाऱ्यांशी पाऊसपाण्यापलीकडे बोललो नव्हतो, तो मी रोज संध्याकाळी परक्या सोफ्यावर मांडी ठोकून तावातावानं भांडत होतो. मध्येच खालून बायकांचं हसणं यायचं आणि मला खिडकीशी बसलेली ही आठवायची. एकदा तर त्यात मला चक्क हिचं हसणं ऐकू आलं. मी चेअरमनना विचारलं, तर त्यांना एकदम खोकला आला आणि ते म्हणाले, आपण मुद्द्यावर येऊ. म्हटलं, भास. या वयात व्हायचेच. घरी येऊन बघतो तर ही खिडकीशी, आणि खुर्चीच्या चाकांना ओली माती! विचारलं, तर म्हणाली, “अहो, कुंड्यांना पाणी घालत होते.” केवढी सोशिक बाई!

शेवटी गवंडी आला. त्याला म्हटलं, उतार असा हवा, की खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातातला काठोकाठ भरलेला कप हिंदकळता कामा नये. पायऱ्यांवर फळी टाकली, मी स्वतः खुर्चीत बसलो, गवंड्यानं खुर्ची मागून धरली... चहा माझ्या शर्टावर. मग उतार आणखी सौम्य. चहा विजारीवर. आणखी सौम्य. आता उतार सौम्य करायचा म्हणजे लांबी वाढणार, हे मला कागदावर ठाऊक होतं, पण रॅम्प जो निघाला तो भिंतीलगत गेला, झाडाला वळसा घालून वळला, आणि तरी माझी खात्री पटेना. गवंडी म्हणाला, “सर, अजून लांबवला तर पलीकडच्या बिल्डिंगच्या पायऱ्या लागतील.” तेव्हा कुठे थांबलो. बघतो, तर रॅम्प थेट बाकापाशी टेकलेला!

आणि रॅम्प वाळून तयार झाला त्याच सकाळी हिचं प्लास्टर निघालं.

शब्द गेला! पण ही म्हणाली, “एवढं केलंत तर बसते मी. कप भरा.” डॉक्टरांनी काठी घेऊन चालायला सांगितलेली बाई पुन्हा खुर्चीत बसली, हातात काठोकाठ कप, मागे मी, बाकापाशी सगळ्या मैत्रिणी आणि चेअरमन उभे... आणि तुम्हाला सांगतो, भिंतीलगत, झाडाला वळसा, एक थेंब सांडला नाही! ही कमरेवर हात ठेवून उठली, चेअरमनांकडे बघून म्हणाली, “हा, तो रॅम्प!” काय हशा उसळला! मीही हसलो. अर्थ न लावता.

आता तिथून बाबागाड्या जातात, सिलेंडर गडगडतात, एक म्हातारं कुत्रं येतं. बरं चाललंय.

तर इतक्या वर्षांनी, परवा, चेअरमनीणबाई सहज बोलून गेल्या, की तेव्हा वहिनींना मागच्या दारानं रोज बाकावर न्यायचे मी, काय मजा यायची! मी गार. हिला विचारलं. ही चष्मा पुसत म्हणाली, “पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही मीटिंगहून शीळ घालत आलात. एवढा संसार झाला, पण तुम्हाला शीळ येते हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, चालू दे.”

मी चपला घातल्या आणि मागच्या दाराशी गेलो. तिथे कचऱ्याचे डबे असतात आणि कचरा ही टाकते, त्यामुळे त्या दारानं मी कधी गेलोच नव्हतो. पायरी नाही. एकसुद्धा नाही. उंबरठासुद्धा नाही. घरी आलो, बसलो, उठलो, पुन्हा जाऊन बघितलं. नाहीच.

...खात्री करायला नको का?