शास्त्रीबुवांचं अर्धं व्याख्यान

चहा घ्या, तोवर आमच्या कल्याणच्या गणूशास्त्र्यांचं सांगतो. मुंबईच्या विद्वानांच्या संमेलनाला आम्हाला कळवायचं होतं, की मुलींनी शिकावं की नाही यावर दोघांचा वाद ठेवायचा, की एकाचं व्याख्यान. शास्त्रीबुवा मुलींच्या शाळेचे कट्टर विरोधक. मी म्हटलं, "बुवा, वादच ठेवू."

"त्याला दुसरा माणूस कशाला? आमच्या शास्त्रात समोरच्याचं म्हणणं आधी आपणच मांडायचं असतं, आणि मग ते खोडायचं."

झालं, व्याख्यान कळवलं. वेळ मिळाला अर्धा तास.

बुवांनी समोरच्याची बाजू अशी काही रंगवली, की सभा डोलायला लागली. आता खोडायचं म्हणून त्यांनी उपरणं सावरलं, तोच अध्यक्षांनी घंटा वाजवली. टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणला परतलो, तर बातमी आधीच्या गाडीने पोचलेली. बुवांची मुलगी पाटी घेऊन शाळेला निघाली होती.

"अगं, थांबव तिला," बुवा बायकोला म्हणाले, "माझं खोडायचं राहिलंय."

काकू शांतपणे म्हणाल्या, "ते मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. नवीन तेवढंच, जे काल बोललात."