काउकोचा अन् माझा ट्रेलर

ट्रेलर विकणारा तू, लांबी विचारलीस तर लांबी सांगते रे बाळा, पण नुसत्या लांबीनं तुला काय कळणार — पहिल्यापासून ऐक. तळ्याच्या गावी एक आयनी नावाची बहीण होती, एक काउको नावाचा तिचा पाठचा भाऊ होता, आणि दोघांत मिळून एक ट्रेलर होता, गाडीमागं ओढायचा. आयनी म्हणजे मी. हसतोस काय — लोकांकडं वाटायला शेतं असतात, जंगलं असतात, आमच्याकडं ट्रेलर होता, बाबांनी ठेवलेला, आणि तो काही मधोमध कापता येत नाही. म्हणून तो कधी त्याच्या अंगणात, कधी माझ्या. आता माझी नात आलीय, वेरना, हेल्सिंकीची नोकरी सोडून, म्हणते आजी, मी इथंच राहणार, पाहुण्यांना कयाकमधून तळं दाखवणार. दाखव म्हटलं. तळं कुठं पळून चाललंय. तर आणलीन एक दोन माणसांची कयाक, वल्ह्यांची लांबुळकी होडी, लालभडक, आणि ठेवलीन माझ्या गोठ्यात, आणि तळं आमच्यापासून चांगलं लांब — जुना ट्रेलर आखूड, मग डोक्यावरून नेणार का ती? पहिले पाहुणे या आठवड्यात यायचेत. ती न्यायची सोय झाली नाही तर पोर परत हेल्सिंकीला जाईल, तोंडानं म्हणत नाही पण मला दिसतं ना.

हां, कयाकची लांबी. ही बघ, लोकरीनं मापून आणलीय. मोज्यांची लोकर आहे, ताणू नकोस, ताणलीस की खोटं बोलते. हे टोक धर — काय नाव लिहिलंय शर्टावर? थांब, सांगू नकोस, वाचते मी — ओत्सो. हळू वाचते, पण वाचते. शाळेत फार दिवस गेलेच नाही, गाईंचं कोण करणार होतं. धर घट्ट. मी चालते. चालतेय — अजून चालतेय — गुडघे असे आहेत माझे म्हणून उशीर, कयाक तेवढी लांब नाही — हां. इथं. आली का तुझ्या त्या झाकणवाल्या ट्रेलरच्या बाहेर? किती आली. निम्मी रस्त्यावर. शेपटाला लाल कापड बांधून जाता येतं हे माहितीय मला, पण ही पोर वळण घेईल आणि मागं कुणाच्या तरी गाडीची काच फोडेल. नको. दुसरा दाखव.

हा? हा बारीक, लांबुळका? हा कयाकचाच म्हणतोस. बरा दिसतो, माशाच्या काट्यासारखा. ह्या गाद्यांवर ती निजणार, हे पट्टे आवळायचे, समजलं. पण ओत्सो, ह्याला तळच नाही. मधून खालचे खडे दिसतायत. वर कयाक ठेवायची, खरंय, पण बाकीचं कुठं ठेवायचं — बाकीचं म्हणजे, अरे, ट्रेलरमध्ये माणूस काहीबाही ठेवतोच की. बटाटे. सरपण. मासे.

मासे म्हणजे काय, मासे. काउको ठेवतो. आम्ही बोलत नाही, ते सांगायचं राहिलं वाटतं. ट्रेलर त्यानं वापरला की धुऊन माझ्या फाटकाशी आणून सोडतो, हाक नाही, हॉर्न नाही, आणि ताडपत्रीखाली एक बादली असते, मुइक्कूची, बोटाएवढे चांदीसारखे मासे. मी काय करणार, टाकून देऊ? राय धान्याच्या काळ्या पावाच्या पोटात घालून चांगले रात्रभर भट्टीत ठेवते, आणि ट्रेलर परत नेऊन सोडला की पाव त्याच ताडपत्रीखाली ठेवते, फडक्यात गुंडाळून. फडकं इस्त्री करून परत येतं. त्याला इस्त्री करता येते हे मला ठाऊकच नव्हतं. पण बोलत नाही. अजिबात नाही.

का म्हणजे काय — सौनाची भट्टी. तू समजशील, तूही इथलाच दिसतोस. बाबांच्या हातची सौना, तापल्या दगडांवर पाणी मारून वाफ घ्यायची खोली, काउकोच्या तळ्याकाठी, लाकडावर तापणारी, आत गेलं की धुराचा वास केसांत बसायचा. आणि एका शनिवारी मी टॉवेल खांद्यावर टाकून गेले तर आत — विजेची भट्टी, काउकोनं बसवलेली. बटणाची. मी म्हटलं, काउको, आता इथं पाव भाजायचे का? सगळ्यांसमोर म्हटलं. तो टॉवेल घेऊन निघून गेला, आणि तेव्हापासून शनिवार झाले किती तरी, कोण मोजतं. आणि माझ्या माघारी सांगत काय होता, तर म्हणे तुझ्या गुडघ्यांसाठी, तुला लाकडं वाहायला नकोत — त्या वेळी मला काही सांगितलं नाही हं, नंतर त्याच्या शेजारणीनं सांगितलं, मग मी काय करायचं होतं, धावत जायचं होतं? ह्या गुडघ्यांनी?

तर हा बारीक ट्रेलर. बरं. हा वेरनाला, आणि जुना काउकोकडंच राहू दे म्हणतोस, सरळच आहे. मग माझ्या फाटकाशी काय येईल — नाही, तुला नाही विचारत. मलाच विचारतेय. मला ट्रेलर लागणारच नाही, मग तो कशाला आणून सोडेल. आणि मी कशाला नेऊन.

काय दाखवतोयस? दांडा? नुसता गाडीला जोडायचा दांडा? जुन्यालाच लांब दांडा जोडला की कयाक बसते, वर दोन आडव्या पट्ट्या, खाली तळ आहे तसा — मग हे आधी का नाही सांगितलंस, मला अख्ख्या अंगणातून लोकर ओढत फिरवलंस ते. दांडा जिच्यात बसतो ती जुन्याची नळी किती जाड आहे? मला काय ठाऊक, ट्रेलर सध्या त्याच्याकडं आहे. त्याला विचार. नाही, तू विचार, नंबर सांगते — पाठ आहे, वापरत नाही म्हणून विसरायचा असतो का. लाव. बोल. अरे बोल ना, नुसता काय धरून उभा आहेस कानाशी — दे इकडं.

काउको. आयनी. — हो, जिवंत आहे. — ट्रेलर आखूड पडतोय. — कयाकला, आणखी कशाला. — तुला कसं ठाऊक लाल आहे? — बरं. पाहत असतोस तर. — हे बघ, नळी किती जाड आहे ते मोज, इथं एक मुलगा उभा आहे, त्याला हवंय. — मोजायला नको? मग? — आत्ता? एवढ्या लांब, ट्रेलर घेऊन? — नाही, ये. ये म्हणते ना. — काउको, थांब. तुझ्या त्या बटणाच्या भट्टीवर पाणी मारलं तर चालतं का? — मग शनिवारी मार. आम्ही दोघी येऊ, मी अन् वेरना. — पाव? पाव आणीन. — ठेव आता.

हा घे तुझा फोन. येतोय. दांडा बाजूला काढून ठेव, लांबातला लांब. आणि तू जा रे ओत्सो, ते बघ, तिकडं दुसरं गिऱ्हाईक आलंय. मी इथंच उभी राहते. — नाही, खुर्ची नको. कॉफी नको. काही विचारू नकोस. इथून रस्ता दिसतो, तेवढा बघते.