मांगून शब्द देनारा

माहं नाव मारोती. गाव चंद्रपूरकडं, गोंडपिपरीच्या बाजूचं, थोडी धानाची वावरं, बाप शेतकरी, आजा शेतकरी, मीच एक नाटकात शिरलो. नाटकात म्हनजे स्टेजवर नाई भाऊ, मांगं. मी प्रॉम्प्टर. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली का नाटकं सुरू होतात, आज या गावात तं उद्या त्या गावात, नटाले पाठ कराले टाइम कुठी भेटते, मंग मी पडद्याच्या आडोशानं पुस्तक धरून बसो अन् हळूच वाक्य सांगो, नट उचले अन् पब्लिक टाळ्या मारे. टाळ्या त्याले, धूळ अन् खोकला मले.

शेवंता, माही बायको, तिथीच भेटली. हिरोइन होती, काय सांगू तुमाले, मी अर्धा शब्द देल्ला का पुढचं सारं तिच्या तोंडून असं ये का लिहिनाऱ्यालेही सुचलं नसंन. स्टेजवर ती हिरोचं नाव घेऊन रडे, पब्लिक रडे, अन् मी मांगं कुढत बसो. काऊन का, माहं नाव तिनं कधी घेतलंच नाई. नवऱ्याचं नाव घेत नाई ना आमच्यात. लग्नात उखाना घे म्हनून बायांनी लय आग्रह केला, तं बाईसाहेबांनी पदर तोंडात कोंबला. मंग जन्मभर अवो, ऐकलं का, अन् राग आला तं निस्तं ओ. माह्या मनात लय होतं, एक डाव तरी तिच्या आवाजात माहं नाव ऐकावं. हासू नका.

नाटकं सुटली, पोरगी लग्न होऊन गेली, आमी दोघंच राह्यलो. शेवंता बोलता बोलता अडकाले लागली. भाजीत काय टाकाचं, शेजारनीचं नाव काय, मी सांगून टाको, ती उचले. मले काईच वाटे नाई, माहं कामच ते. पोरगी माहेरी आली, दोन दिवस पाहत राह्यली अन् म्हने बाबा, आई नाई बोलून राह्यली, तुमीच बोलून राह्यले. तिनंच आमाले दवाखान्यात इसराच्या आजाराच्या तपासनीले नेलं, म्हने लवकर समजलं तं सांभाळता येते.

डॉक्टरीन लहान वयाचीच होती, गोड बोले. म्हने आजी, तीन शब्द सांगते, ध्यानात ठेवा, मंग विचारीन. कुलूप, गाय, सडक. मंग दुसऱ्याच गोष्टी काढल्या, वार कोनता, महिना कोनता, घड्याळाचं चित्र काढाले लावलं. मंग म्हने सांगा आता ते शब्द. शेवंतानं माह्याकडं पाह्यलं. अन् भाऊ, माह्या तोंडून गेलंच, कुलूप. तिनं लगेच झोकात म्हनलं कुलूप! डॉक्टरीन हासली, म्हने बाबा, असं सांगाचं नाई, तुमी बाहेर बसा.

बाकड्यावर बसलो. दार लोटलेलं, आतलं सारं ऐकू ये. गाय नाई आली. सडक नाई आली. मंग विचारलं, आजी, नवऱ्याचं नाव काय? आत चूप. आता हे चूप लाजेचं का इसरल्याचं, बाहेरून मले काय समजते? मंग डॉक्टरीन बाहेर आली, म्हने आजार सुरू झाला असं दिसून राह्यलं, चंद्रपूरले अजून तपासनी करू, गोळ्यानं त्याची चाल हळू होऊ शकते, थांबत नाई. मी म्हनलं अन् नाव? म्हने आजी निस्त्या हासल्या. हासली म्हनजे काय वो?

त्याले आता दोन पावसाळे झाले. गोळ्या देतो, सकाळी धरून तळ्यापर्यंत फिरवतो, जुन्या नाटकातलं वाक्य मी सुरू केलं तं कधी कधी पुरं करते. मांगच्या महिन्यात दुपारची झोपून उठली, मी चहा घेऊन गेलो, तं मले पाहून तिनं पदर सावरला अन् म्हने कोन वो भाऊ तुमी? घरात मानूस नाई, मंग या. मी म्हनलं कोन मानूस? तं म्हने माहे मालक, मारोती. नाटकात असतात, पडद्याच्या मांगं, येतीनच आता. केवढ्या मायेनं घेतलं भाऊ तिनं ते नाव! हिरोचं कधी तसं घेतलं नाई. मी कपबशी खाली ठेवली, मांगच्या दारानं निंगालो, आंगनात डोळे पुसले, अन् पुढच्या दारानं आत आलो. म्हने, आले का? चहा थंडा झाला ना तुमचा.

आता देवापाशी एवढंच मागनं हाय. मले नाई वळखलं तं नाई, पन मारोतीची वाट पाहनं तेवढं तिचं सुटू नये.