आबांच्या हातचा कागद

आमच्या आजोबांचं, आबांचं, सांगते. मेहरूणमधलं घर अक्काचं, म्हणजे माझ्या विधवा आत्याचं, असं ते चारचौघांत म्हणायचे. शेवटपर्यंत तिनेच त्यांचं सगळं केलं. मी म्हणायचे, "आबा, मृत्युपत्र करा." ते चिडायचे, "तुले इतली घाई शे का?"

ते गेल्यावर कपाटात त्यांच्या हातचा कागद सापडला. अक्काने देवाला हात जोडले. मी वाचला: तेराव्याला वरण-बट्टी, घोटलेली वांगी, तुपाला हात आखडू नये.

तेराव्याला बट्ट्या अक्कानेच तळल्या. पंगत उठल्यावर काकांनी तिच्यापुढे साडी ठेवली, आणि घरावरचा हक्क सोडल्याचा कागद.

"आणि आबांचा शब्द?" मी विचारलं.

काकांनी ढेकर दिला. "पाळला की. तूप कमी पडू दिलं का?"