भातेवाल्याचं कडवं

नाही, नाही, तो कागद आधी खिशात घाला मास्तर, आणि बसा इथे, या फळीवर — डोकं सांभाळा, त्या तुळईवर आजवर चार ऑर्गनवादक आणि एक बिशप आपटलेत — हां, असे. दम लागला ना? बासष्ट पायऱ्या आहेत. खालून चिडून निघालेला माणूस या माळ्यावर पोचेस्तोवर निम्मा थंड होतो, तुम्ही मात्र अजून लालच आहात. असू दे. तर मी काय लिहून द्यायचं म्हणालात? ऑर्गनच्या भात्यात बिघाड झाला? आणि खाली सही — वेन्देलीन क्रोपाचेक, भातेवाला? अहो, बघा तरी यांच्याकडे. तिघेही मेंढीच्या कातड्याचे, दर ईस्टरला मी स्वतः चरबी चोळतो. पाय ठेवा. ठेवा हो, चावत नाही. बघा, पाळण्यातल्या पोरासारखा श्वास घेतोय. याला मी आजारी म्हणू? तोंडावर?

हवा भरायला मोटर नको असं कोण म्हणालं होतं सकाळी? तुम्हीच ना? मोटर गुरगुरते, रेकॉर्डिंगमध्ये येईल, त्यापेक्षा म्हाताऱ्याला तुडवू द्या — म्हाताऱ्याला म्हणालात, मला ऐकू येतं, फळ्यांना फटी आहेत. म्हटलं ठीक आहे, म्हातारा तुडवेल. आता स्पर्धेवाल्यांचा नियम म्हणे असा, की एकदाच गायचं आणि तेच पाठवायचं, पुन्हा गायचं तर यंत्र बिघडल्याचा दाखला हवा. चारला तुमची घरी, कोशित्सेला जायची बस. प्रागमधला शेवटचा दिवस. आणि आता वाजले सव्वादोन. म्हणजे सगळं माझ्या या दोन पायांवर आलं की — नाही, सहीवर. सही मला येते हं. शाळा पाचवीत सुटली, पण सही शिकून सुटली.

पायात गोळा आला म्हणून थांबलो, असं मी आमच्या फादरना सांगणार होतो. तुम्हाला नाही सांगत. तुम्ही लगेच खरं मानाल, मग मजा काय राहिली? हवा मी मुद्दाम तोडली. आमच्याकडची जुनी रीत आहे ती. मोटर नव्हती तेव्हा लांबलचक गाण्यात भातेवाल्याचा पार पिट्ट्या पडायचा, म्हणून तिसऱ्या कडव्याला तो पाय उचलायचा — ऑर्गन गप्प — आणि खाली बाकांवरची माणसं उभी राहून ते कडवं तशीच म्हणायची, तेवढ्यात हा घाम पुसणार, घोटभर घेणार, चौथ्याला पुन्हा हजर. भातेवाल्याचं कडवं म्हणतात त्याला. हल्ली कुणाला ठाऊक नाही. बाहेरच्यांना तर नाहीच. तुमची तेवीस पोरं गपकन थांबली आणि तुमचा हात वर तसाच, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखा — हसू नको तर काय करू — आणि मागच्या बाकावर आमच्या चर्चमधली म्हातारी ब्लाझेना उठली, तिच्या दोन मैत्रिणी उठल्या, आणि लागल्या म्हणायला. गाणं तुम्ही निवडलंत तेच मुळी आमच्या बायका बटाटे सोलताना म्हणतात. योगायोग? हो, योगायोगच. म्हणजे — ब्लाझेनाला मी दुपारी एकला सांगून आलो होतो की आज तिसऱ्याला थांबणार. थोडी प्लमची दारूही पाजली. फार नाही. तिला, मैत्रिणींना आणि मला.

आता विचाराल, एकलाच कसं ठरवलं. विचारा ना. नाही? मग मीच सांगतो. तुमची ती झोफ्का — दुसऱ्या रांगेत, टोकाला, जाड वेणीची. सकाळच्या तालमीत मी फटीतून बघत होतो. तोंड सगळ्यांपेक्षा मोठं उघडत होती, पण गळा हलत नव्हता. शीर नाही, काही नाही. मासा. बाराला सगळी पोरं पुलाकडे फोटो काढायला पळाली, ही एकटी इथे वर आली, भाते बघायला. मी खसखशीचा गोड पाव, कोलाच, अर्धा मोडून दिला आणि विचारलं, काय गं, आवाज घरी ठेवून आलीस? तर म्हणाली, सरांनी सांगितलंय, तू फक्त ओठ हलव. सहा महिने झाले म्हणाली. आणि रडली नाही हो, रडली असती तर मी रुमाल देऊन मोकळा झालो असतो — कोलाच खात खात म्हणाली, आज रात्री आई घरी रेकॉर्डिंग ऐकणार आहे, तिला मी सांगितलंय माझा आवाज ओळखून दाखव.

हे ऐकून काय करायचं असतं मास्तर? तुम्ही शिकलेले आहात, सांगा.

तिचा सूर लागत नाही, मान्य. मी ऐकला ना मघाशी. सगळे थांबले आणि ही थांबली नाही, म्हाताऱ्यांच्या बरोबरीनं सुटली — सूर एकीकडे, पोरगी दुसरीकडे. शेजारच्या मुलानं कोपर मारलं, तरी नाही थांबली. तुम्ही डोळे मोठे केलेत, तर तिनं डोळे मिटून घेतले. शहाणी आहे. आणि आता मी कागदावर बिघाड लिहायचा, म्हणजे तुम्ही तीनला पुन्हा गाणार, मोटर लावून, आणि ती पुन्हा मासा. तिची आई आज रात्री काय ओळखणार? ओळखेल तरीही. आयांचं तसंच असतं. माझी आई पहिल्या बाकावर बसली होती, ईस्टरला, मी नऊ वर्षांचा, याच चर्चमध्ये, आणि बाहेर आल्यावर साऱ्या गल्लीला सांगत होती, आमच्या वेन्देलीनचा आवाज सगळ्यांत वर लागत होता. आणि मी —

ते जाऊ दे. थंड आहे आज. काय बोलत होतो? हां, भाते. भात्यांवर मी नंतर स्वतःहून आलो. आमचे मास्तर म्हणाले, ओठ हलवायचा कंटाळा येत असेल तर वर जा, पाय हलव. सत्तर वर्षं हलवतोय. आईला कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं हेही चुकलंच, प्लमचा दोष.

आणा तो कागद. आणा. पेन पण. — 'भाते ठणठणीत आहेत. हवा मी मुद्दाम तोडली. वे. क्रोपाचेक.' — घ्या. ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसू नका. फादरकडे न्यायचा आहे ना? खुशाल न्या, माळ्याची किल्ली त्या खिळ्याला आहे, तीही न्या, मला काढलं तर ती मागायला त्यांना एवढ्या पायऱ्या चढायला नकोत. पाठवायचं असेल तर आहे तेच पाठवा. नाहीतर नका पाठवू. तिसरा रस्ता या माळ्यावरून जात नाही.

काय? रेकॉर्डिंगमध्ये अजून एक आवाज आहे? तीन म्हाताऱ्या, एक झोफ्का, आणि पाचवा — वरून येणारा, बिजागरी करकरल्यासारखा? नाही बुवा. मी तर घाम पुसत होतो. तुळई असेल. जुनं लाकूड आहे, ऊन पडलं की बोलतं.

उठा आता, पोरं वाट बघतायत. आणि डोकं —

सांगितलं होतं.